भाव न केलेलं पातळ

माणूस दुकानात जाऊन कापड घेतो म्हणतात, ते काही खरं नाही बाप्पा. अर्धं कापड घरच्यांनी आधीच घेऊन ठेवलेलं असतं, उरलेलं अर्धं दुकानात बसलेले परके लोक घेतात, आणि आपल्या वाट्याला येतं ते नुसतं पैसे देणं. वडनेर भोलजीच्या सिंधूताईला हे कळलं ते लेकीच्या लग्नाचं पातळ घेताना, आणि अशा रीतीनं कळलं की त्यानंतर आठवडाभर तिला घास गोड लागला नाही.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. सिंधूताईची बेबी सातवी शिकलेली, एकुलती एक. नवरा माणिकराव हंगामात मलकापूरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा, बाकी दिवस आपल्या तुकड्यात राबायचा. बेबीला स्थळ आलं ते मोताळ्याकडच्या सहदेव मास्तरांचं. पोरगं शाळेवर शिकवायचं, सायकलवर फिरायचं, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. हुंडा नको, वाजंत्री नको, मानपान नको. त्याचं म्हणणं एवढंच, की नवरी पांढऱ्या पातळात उभी राहावी.

धम्म घेऊन सहा वर्षं झाली होती. वडनेरच्या बौद्ध वस्तीत लग्नं आता बुद्धवंदनेनं लागत होती, भटजी कधीच बंद झाला होता. पण नवऱ्या अजून हिरव्या-पिवळ्यातच उभ्या राहायच्या. जुनं देव्हाऱ्यातून काढणं सोपं असतं, पेटीतल्या कपड्यांतून काढायला वेळ लागतो. तर पांढऱ्या पातळातली वस्तीतली पहिली नवरी बेबी होणार होती, आणि माणिकराव हे सांगत गावभर फिरत होता.

"माह्यी बेबी पह्यली! लोकं पाह्यतच राह्यतीन!" तो म्हणायचा.

बेबी हसायची. तिला तर आनंदच झाला होता. मास्तरांनी सांगितलं म्हणून नव्हे, तिच्याच मनात होतं, असं ती मैत्रिणींना ठासून सांगायची.

सिंधूताई मात्र पांढऱ्याचं नाव निघालं की चुलीकडे तोंड फिरवायची. तिचा बाप ती लहान असतानाच पटकीत गेला होता. तेव्हापासून मायच्या अंगावर पांढरं लुगडं चढलं ते माय गेली तेव्हाच उतरलं. सकाळी माय घागर घेऊन निघाली की समोरून येणारी बाई थबकायची, पाय मागं घ्यायची, आणि माय पुढं जाईपर्यंत भिंतीकडे बघत उभी राहायची. पुढं पुढं मायच आधी थांबायला लागली. "जा बाई, तू जा अगुदर, मले घाई नाई," म्हणायची. लहानग्या सिंधूला वाटायचं, आपली माय किती भली! कारण कळलं तेव्हा ती स्वतः लग्नाची झाली होती.

हे सगळं ती कुणाला सांगणार? माणिकराव म्हणाला असता, जुनं खूळ सोड. बेबीनं गाल फुगवले असते. घरात सगळेच इतके खूश, की आपलंच डोकं फिरलं असं तिला वाटायचं. तिच्या मनातलं मोठ्यानं बोलणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे माणिकरावाची थोरली बहीण शालूबाई. तीही लग्नासाठी महिनाभर आधी येऊन मुक्काम ठोकून बसलेली.

"लग्नात पांढरं?" शालूबाई सुपारी कातरत म्हणायची. "मी काई बोलत नाई बाप्पा. तुमी शिकलेले लोकं. पण पांढरं कपाळ आन पांढरं कापड, मांगून लागून येते एवढंच मले ठाऊक."

काही बोलत नाही म्हणता म्हणता बोलायचं ते बोलून जायची.

तरी एके दिवशी सकाळीच नवरा-बायको आणि बेबी अशी तिघं एसटीनं मलकापूरला निघाली. गाडीला ही गर्दी! दारात चढताना कुणाचं तरी गाठोडं बेबीच्या हातावर आपटलं आणि डाव्या हातातल्या बांगड्या कडाकड फुटल्या. एक हात भरलेला आणि एक रिकामा, हे काही बरं दिसेना. सिंधूताईनं दुसऱ्या हातातल्याही हळूच काढून घेतल्या. "राहू दे, बजारात नव्या भरू," म्हणाली. घामानं बेबीचं कुंकू तर अर्ध्या वाटेतच पुसलं गेलं होतं. मलकापूरला उतरल्यावर माणिकराव छापखान्याकडे वळला. लग्नपत्रिकेवर नावं नीट छापली की नाहीत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

"तुमी मायलेकी पातळ पाहून घ्या," तो म्हणाला. "पांढरं, बारीक काठाचं. दुकानदार काई बी गळ्यात मारीन, त्याचं आइकू नका. आन भाव करजा हो! सोडू नका."

भाव करायचं माणिकरावानं सांगायला नकोच होतं. आपल्याकडे लग्नाचा बस्ता म्हणजे निम्मी मजा भावात. दुकानदारानं आभाळाला भिडणारी किंमत सांगायची, बायांनी "अव माय!" म्हणून छातीवर हात मारायचा, उठून जिना उतरायचा, त्यानं परत बोलवायचं, चहा पाजायचा. हसत हसत पाडलेला भाव म्हणजे शकुन. मग दुकानदार पातळाच्या कोपऱ्याला कुंकू लावतो, पानसुपारी ठेवतो आणि म्हणतो, या बाई, बारशालाही इथंच या. जिथं भाव करत नाहीत असं कापड एकच, मर्तिकाचं. मेलेल्याच्या नावाच्या कापडाची घासाघीस करू नये आणि दुकानदारानंही त्यात नफा खाऊ नये, ही जुनी रीत.

मायलेकी भगवंतरावांच्या कापडदुकानात शिरल्या. दुकान चांगलं ऐसपैस होतं. माणिकरावाच्या बापानं याच बाजारात पायरीखाली उभं राहून कापड मागितलं होतं. सिंधूताईनं गादीवरच्या पांढऱ्या चादरीवर पाय मुडपून बसताना एकदा आजूबाजूला पाहून घेतलंच. कुणी उठ म्हणालं नाही. पण सवय अंगातून जात नाही, ती कडेलाच बसली, आणि बेबी तिच्या मागं, मान खाली घालून. नवरी मुलगी दुकानात मान वर करते काय?

मधोमध दाताळ्याच्या एका मोठ्या शेतकरी घराचा बस्ता मांडला होता. घरची मालकीण सरस्वतीबाई, नाकात टपोरी नथ, भोवती चार-पाच लेकी-सुना, आणि पुढं हिरव्या, तांबड्या, जांभळ्या शालूंचा ढीग. भाव नुसता रंगात आला होता. गडी आईची शपथ घेत होता, बाया खिदळत होत्या. सिंधूताईला त्यांचं ते हसणं ऐकून बरंही वाटलं आणि आपणही असंच करावं असं वाटलं.

"काय दाखवू?" गड्यानं विचारलं.

"पांढरं पातळ दाखवा," ती म्हणाली. आवाज तिच्याही नकळत खाली गेला.

"पांढरं?" गडी भसकन मोठ्यानं बोलला.

तिकडचं हसू थांबलं. सरस्वतीबाईंनी वळून पाहिलं. बेबीकडे पाहून त्यांना दिसलं ते एवढंच: कपाळ कोरं, हात बोडके, मान खाली, वय सतरा-अठरा. त्यांनी आपल्या नवऱ्या मुलीला दंडाला धरून पलीकडे ओढलं आणि शालूंचा ढीग दोन्ही हातांनी आपल्या बाजूला सरकवला. बाई काही दुष्ट नव्हत्या. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. "च्च च्च, एवढ्याशा वयात!" त्या शेजारणीला म्हणाल्या. "देवाले डोये नाईत बाई."

सिंधूताईच्या ध्यानात आलं तेव्हा तिचे कान तापून लाल झाले. सांगावं तर कसं सांगावं? अहो, हे लग्नाचं आहे, असं म्हणावं तर हा ढीगभर हिरवा-तांबडा थाट समोर बसलेला. त्या हसतील. विचारतील, पांढऱ्यात लग्न? कुठले तुम्ही? मग कुठले ते सांगा, मग का ते सांगा, आणि तिला स्वतःलाच ते धड पटलेलं नव्हतं!

तेवढ्यात भगवंतराव स्वतः गादीवरून उठून आले. गड्याला हातानं बाजूला केलं, समोर बसले आणि हलक्या आवाजात विचारलं, "जावई का, बाई?"

किती मायेनं विचारलं हो त्या माणसानं! त्यानं तुसडेपणा केला असता तर ती फटकन बोलली असती. मायेपुढं माणूस लुळा पडतो.

सिंधूताईनं हो म्हणून मान हलवली.

बस्स, एवढंच केलं तिनं. पुढचं सगळं आपोआप झालं. पितळी तांब्यातून पाणी आलं. आतल्या खोलीतून, वेगळ्या फडताळातून, पांढरं पातळ आलं. बारीक निळा काठ, सूत चांगलं. "चौदा रुपये," भगवंतराव म्हणाले. "मुद्दलात देऊन राह्यलो. यात आमी काई घेत नाई." तिनं लुगड्याच्या गाठीतले पैसे सोडून दिले. पातळ जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं गेलं, वरून पांढरा दोरा. कोपऱ्याला कुंकू नाही, पान नाही, सुपारी नाही. पायऱ्या उतरताना भगवंतरावांनी हात जोडले, पण "या" म्हणाले नाहीत. मर्तिकाच्या गिऱ्हाइकाला पुन्हा या म्हणत नाहीत.

बेबी मागून खाली मान घालूनच चालत होती. तिनं काही ऐकलं की नाही, हे विचारायची सिंधूताईची छाती झाली नाही. बांगड्या भरायचं तर दोघींच्याही डोक्यातून गेलं.

स्टँडवर माणिकरावानं किंमत ऐकली आणि मांडीवर थाप मारली. "चवदा? एवढं साजरं पातळ चवदात? अवं, तू त व्यापाऱ्याले इकून खाशीन! किती पाडला भाव?"

"पाडला थोडासाक," ती म्हणाली. गाडी येईपर्यंत तिनं तोंडाला पदर लावून ठेवला.

घरी शालूबाईनं पुडकं सोडलं. पातळ उलटंपालटं केलं, चारही कोपरे तपासले.

"कुंकवाचं बोट नाई लावलं?"

"गर्दी होती आक्का. इसरला असीन."

"सुपारी बी नाई? दोरा बी पांढरा?" शालूबाईनं दोरा बोटाला गुंडाळला आणि सिंधूताईकडे रोखून पाहिलं. "बस्त्याचं कापड असं देतेत काय? असं त मयताचं देतेत."

सिंधूताईच्या हातातली भाकर तव्याऐवजी चुलीत पडली.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला. पातळ पेटीत तळाशी ठेवलं, वर गोधडी, वर जुनी पोती. तरी झाडताना, सारवताना नजर पेटीकडेच. तोंडानं काही बोललो नाही, पण मानेनं आपण जावयाला मारून आलो. हळद लागायच्या आधी! आणि का, तर चार परक्या बाया हसतील म्हणून. त्या बायांची नावं माहीत नाहीत, गाव पुन्हा दिसायचं नाही, त्यांच्यासाठी लेकीचं सौभाग्य विकून आलो. सिंधे, तुला जोड्यानं मारलं पाहिजे, असं ती दळताना जात्याला सांगायची. दगडाचं जातं, ते काय बोलणार?

माणिकरावाला सांगावं म्हणून ती दोनदा त्याच्याजवळ जाऊन बसली. पण तो पत्रिका वाटून दमून आलेला असायचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्या हुशारीचं कौतुक सांगायचा. चौदा रुपयांत बघा कसं आणलं! शेजारणीनं, बेबीच्या मैत्रिणीच्या आईनं, तर तिला विचारलंसुद्धा, "मले बी घेऊन चाल वं त्या दुकानात. तुह्या हाताले गुण हाय." सिंधूताईला रडू की हसू कळेना.

आणि मग ज्याची भीती तेच दारी आलं. मोताळ्याकडून एक माणूस निरोप घेऊन आला. सहदेव मास्तर पत्रिका वाटायला भर दुपारी सायकलवर हिंडले, त्यांना ऊन लागलं. अंग तव्यासारखं तापलंय, पोटात पाणी टिकत नाही, बडबडतात. माणिकरावानं पिशवीत कांदे आणि कैऱ्या भरल्या आणि तसाच त्या माणसाबरोबर निघून गेला. जाताना म्हणाला, "भिऊ नका, उन्हाचं हाय, उतरीन."

शालूबाईनं कपाळाला हात लावला. "मी काई बोलत नाई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच खरंच काही बोलली नाही. ते तर फारच वाईट होतं.

सकाळी उजाडताच सिंधूताईनं पेटी उघडली. पुडकं पदराखाली घेतलं आणि रस्त्याला लागली. तिनं ठरवलं होतं: हे कापड परत करायचं, याच्या बदल्यात हिरवंगार पातळ आणायचं, आणि मग कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. मास्तर रुसला तर रुसला. रुसायला जिता तर पाहिजे!

मोठ्या रस्त्यावर झाडाखाली गाडीची वाट बघत उभी होती, तर मागून बेबी धापा टाकत आली.

"कुठं चालली माय?"

"कुठं नाई. तू घरी जाय."

"पातळ बदलाले चालली ना?" बेबी म्हणाली. "मी पाह्यलं होतं. तू मान हलवली ते."

सिंधूताई मैलाच्या दगडावर मटकन बसली. "पाह्यलं? मंग बोलली काऊन नाई वं? तू त शिकलेली. घरी त मोठी ठासून सांगत होती, मी पांढरंच नेसीन, मी पांढरंच नेसीन!"

बेबीचे डोळे भरून आले. "घरी सांगनं सोपं हाय माय. तिथं त्या बाईनं तिच्या पोरीले वढलं ना माह्यापासून, तवा मले बी... मले बी लाज वाटली. वाटलं, तू सांगशीन. मंग तू मान हलवली. मले वाटलं, बरं झालं, आता कोनी काई इचारनार नाई." ती हुंदका गिळून म्हणाली, "आन आता ते तिकडं पडेल हाय. मीच मारलं त्याइले. तू नाई, मी."

घ्या! एक माय, एक लेक, एकाच घरात आठ दिवस, आणि दोघी एकच दगड उराशी धरून एकमेकींपासून लपवत होत्या. सिंधूताईनं लेकीला जवळ ओढलं आणि दोघी भर रस्त्यावर रडल्या. बैलगाडीवाला एक जण थांबून बघायला लागला, तर सिंधूताईनंच त्याला खेकसून पुढं घालवलं.

"चाल," ती डोळे पुसत म्हणाली. "हिरवं घेऊ."

"नको," बेबी म्हणाली. "पातळ नको बदलू माय. आपन तिथं जे सांगितलं ना, ते बदल."

दुकान नुकतंच उघडलं होतं, पण लगीनसराईच ती, गादीवर दोन बस्ते आधीच बसले होते. सिंधूताई पायरी चढली आणि पुन्हा तेच. पुन्हा तेच रंग, तेच डोळे. बेबीनं सांगितलेलं सगळं ती विसरली आणि गादीच्या कडेला टेकून, पुडकं पुढं करून म्हणाली, "भाऊ, हे बदलून द्या."

भगवंतरावांनी तिला ओळखलं. पुडकं पाहून त्यांचा चेहरा पडला. "बाई," ते हळूच म्हणाले, "दुसरं काई बी सांगा, पैसे नसतीन त तेही सांगा. पण दुखवट्याचं कापड दुकानात परत घेत नाई. तशी रीतच नाई."

दुखवट्याचं! शब्द कानावर पडला आणि दोन्ही बस्त्यांतल्या बायांनी माना वळवल्या. आता इथून नुसतं उठायचं आणि चालू लागायचं, की ते कायमचं दुखवट्याचं. सिंधूताईला आपली माय दिसली, घागर घेऊन उंबऱ्यात थांबलेली, "जा बाई, तू जा अगुदर." जन्मभर त्या बाईनं कुणाला एकदा विचारलं नाही, मी का थांबू म्हणून.

"हे दुखवट्याचं नाई," सिंधूताई म्हणाली.

आवाज फुटका निघाला. तिनं घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणाली, "हे लग्नाचं हाय! हे माह्यी पोरगी, हे नवरी. माहा जावई जिता हाय. त्या दिशी तुमी इचारलं आन म्या मान हलवली. खोटं बोलली मी. ह्या समद्या बायाइची लाज वाटली मले, म्हून बोलली."

भगवंतराव तोंड उघडं ठेवून बघत राहिले.

एका म्हातारीला राहवलं नाही. "पांढऱ्यात लगन? तुमच्यात पांढऱ्यात लागते काय वं?"

"हो आजी," बेबी म्हणाली. आज तिची मान वर होती.

"कवापासून?"

"माह्यापासून," बेबी म्हणाली.

म्हातारीनं क्षणभर विचार केला आणि बोळकं पसरून हसली. "बरं हाय बाई. मळलं त दिसते तरी."

हसू आलं, पण ते ज्या हसण्याला सिंधूताई आठ दिवस भीत होती तसलं नव्हतं. तिचा जीव थोडा भांड्यात पडला. मग ती गादीवर पुढं सरकली, कडेला नाही, चांगली मधोमध, आणि पुडकं चादरीवर आपटलं.

"आता भाव करा," ती म्हणाली.

"कशाचा?"

"ह्या पातळाचा. त्या दिशी भाव नाई केला. मयताचं म्हून तुमी मुद्दलात देल्लं. भाव न केलेलं पातळ माह्यी पोरगी नाई नेसत. सांगा, लग्नाचं कितीले?"

भगवंतराव जुने दुकानदार. त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी पातळ सोडलं, झटकलं, हवेत फुलवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बावीस!"

"अव माय!" सिंधूताईनं छातीवर हात मारला. "बावीस? सोन्याचं सूत हाय काय? पंधरा!"

"काठ पाहा बाई, काठ! ईस."

"काठ पाह्यला. करंगळीएवढा हाय. पंधरा!"

म्हातारीही मध्ये पडली. "दे रे भगवंता! पोरीची जात हाय, नवरी हाय, काऊन अडून राह्यला?" तिच्यामागून तिच्या सुना. आठ दिवसांपूर्वी याच गादीवरच्या डोळ्यांनी सिंधूताईची जीभ बांधली होती, आणि आज तसलेच डोळे तिच्या बाजूनं भांडत होते. ती उठली, एक पायरी उतरली, भगवंतरावांनी परत बोलावलं, आणि सतराला सौदा पटला. आधी दिलेल्या चौदावर तिनं आणखी तीन रुपये मोजून दिले. जास्तीचे पैसे द्यायला इतकी भांडलेली बाई मलकापुरात दुसरी झाली नसेल.

भगवंतरावांनी सवयीनं कुंकवाच्या वाटीत बोट बुडवलं आणि थांबले. "लावू काय? तुमच्यात चालते?"

सिंधूताईनं लेकीकडे पाहिलं.

"नको, डाग पडीन," बेबी म्हणाली. "दोरा तेवढा लाल बांधा."

लाल दोरा बांधला गेला. चहा आला, कपबशीतून आला, आणि सिंधूताईनं तो फुंकर घालून सावकाश प्यायला. पण घोट खाली जाताना पुन्हा तेच मनात आलं: तिकडं काय असेल? निरोप घेऊन कोण येईल? खरं सांगायचं तर तिकडं सहदेवचा ताप पहाटेच उतरला होता आणि तो उशीला टेकून माणिकरावाच्या हातचं कैरीचं पन्हं पीत बसला होता. पण हे तिला कुठं ठाऊक?

ती उठली. भगवंतराव पायरीपर्यंत आले.

"या बाई," ते म्हणाले. "पुन्हा या. आन आता येसान तवा जावयाले घेऊन या."

सिंधूताई पायरीवर थांबली. याच माणसानं जावयाचंच विचारलं होतं, आणि तेव्हा तिनं मान हलवली होती. आज तिनं मान जराही हलू दिली नाही.

"आणीन," ती म्हणाली, आणि ते दुकानातल्या शेवटच्या बाईलाही ऐकू गेलं.